रविवारी थंड होणारे शहर

“या पेटीतील काचेचा तापमापक सदोष होता. तो प्रत्यक्षाहून एक अंश अधिक उष्णता दाखवीत असे. सबब वेधशाळेच्या अकरा वर्षांच्या नोंदींतून एक अंश वजा करण्यात आला.”

वेधशाळेच्या आवारात नवे संग्रहालय उघडणार होते आणि त्याच्या मुख्य दालनातल्या पितळी पाटीवर हा मजकूर कोरला जाणार होता. अभिरक्षकबाईंनी खर्डा नजरेखालून घालण्यासाठी जिच्याकडे पाठवला, तिने तीस वर्षे महाविद्यालयात मोजमापाच्या साधनांचा इतिहास शिकवला होता. घरात तिला सगळे ‘पारा’ म्हणत. नाव आत्याने ठेवले, तेव्हा ती चार वर्षांची होती आणि एका जागी ठरत नव्हती. पुढे ती ठरायला शिकली. चढण्याचा गुण मात्र गेला नाही.

अभिरक्षकबाईंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. पेटीतला तो तापमापक पाराच्या आत्याने आपल्या हातांनी फुंकून बनवला होता.

संतापली की पारा आवाज चढवत नसे, पेन्सिलीला टोक काढत असे. त्या सकाळी तिने चार पेन्सिली टोकदार केल्या आणि मग तीन वाक्यांची उत्तरीय तपासणी आरंभली.

‘सदोष होता.’ कोणी ठरवले? अहवालाप्रमाणे एका समितीने. समितीचे अध्यक्ष तत्कालीन संचालक, सचिव तेच, आणि ज्यांच्या निरीक्षणांवर समितीने विसंबायचे ते निरीक्षकही तेच. एवढे एकमत विरळाच. ‘प्रत्यक्षाहून अधिक.’ प्रत्यक्ष म्हणजे काय? वेधशाळेत तेव्हा नवे विजेचे उपकरण आले होते. काचेचा तापमापक त्याच्यापेक्षा एक अंश जास्त दाखवतो, एवढेच समितीला आढळले होते. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नसेल, तर जो अधिक महाग तो खरा, हे न्यायतत्त्व समितीने कुठून उचलले याचा उल्लेख अहवालात नव्हता.

आणि हे सर्व उष्णतेच्या बाबतीत! ज्या विषयात माणसाने जितकी मापे काढली तितके वाद घातले, त्या विषयात! कोणी लोणी वितळते ती खूण प्रमाण धरली होती, कोणी खोल तळघरातली हवा, कोणी माणसाच्या अंगाची ऊब. एका सज्जनाने उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर दिले, आणि आज त्यांच्याच नावाने चालणारी पट्टी पुढे लोकांना उलटी करून घ्यावी लागली. एकाच फळीवर अठरा वेगवेगळ्या पट्ट्या कोरलेला तापमापकही कुणी तरी बनवला होता; म्हणजे पाहणाऱ्याने आपल्याला सोसेल तो अंश निवडावा. एवढ्या गोंधळातून शेवटी दोनच खुणा टिकल्या: वितळता बर्फ आणि उकळते पाणी. कारण त्यांना कुणाचीच भीड नसते. आणि नेमक्या त्यांनाच समितीने विचारले नव्हते. तापमापक बर्फात बुडवून पाहिल्याचे अहवालात एका अक्षरानेही म्हटलेले नव्हते.

“आत्या,” ती दुपारी कार्यशाळेत शिरत म्हणाली, “शुक्रवारी तुझी अब्रू पितळेवर चढतेय.”

“चढू दे. पितळ महाग आहे हल्ली,” आत्या म्हणाली आणि ज्योतीवरून नजर न काढता काचेची नळी फिरवत राहिली.

आत्या ब्याऐंशी वर्षांची होती आणि उंचीने शाळेतल्या पोरीएवढी. कार्यशाळेतली प्रत्येक वस्तू मोठ्या माणसांच्या मापाची होती, म्हणून आत्यापाशी एक स्टूल होते. ते ती पायाने ढकलत खोलीभर नेत असे. वर चढल्याशिवाय तिला पट्टीवर एक रेघही ओढता येत नसे. भिंतीलगतच्या कप्प्यांत पूर्वी पारा भरून तोंड बंद केलेल्या नळ्या तीन-तीन वर्षे निजलेल्या असत. काच तापवली की तिचे अंग आखडते आणि पुढची काही वर्षे ती हळूहळू आकसत राहते. तोवर तिच्या मागच्या पट्टीवर खुणा केल्या, तर त्या पुढे खोट्या पडतात. बाकीचे कारागीर दोन महिन्यांत खुणा करून मोकळे होत. आत्या तीन वर्षे थांबे. “आधी तिचा रुसवा जाऊ दे,” असे ती गिऱ्हाइकाला सांगे, आणि गिऱ्हाईक रुसून जाई.

आता त्या कप्प्यांत शाळांसाठी वाकवलेल्या साध्या नळ्या होत्या. समितीचा अहवाल निघाल्यापासून आत्याने एकही तापमापक बनवला नव्हता. तिच्या प्रत्येक तापमापकाच्या पाठीवर तीन बारीक ठिपक्यांची खूण असे. तीस वर्षांत ते तीन ठिपके पुन्हा कुठे उमटले नव्हते, आणि ती त्याविषयी कधी बोललीही नव्हती.

पाराने खर्डा वाचून दाखवला. आत्याने ज्योत बारीक केली.

“एक अंश?”

“एक अंश.”

“माझ्या हातून चूक झाली तर अर्धा अंश होईल, फार तर. आख्खा अंश चुकायला माणूस शिकलेला लागतो गं.”

“मी चाळीस पानांचा लेख लिहिणार आहे. टिपा वेगळ्या. त्या माणसाला मी—”

“कुणाला?”

“तुझ्या त्या संचालकाला! उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून येतोय. माफी मागायला लावते की नाही बघ.”

“मला माफी नको,” आत्या म्हणाली. “माफी घेऊन मी ठेवू कुठे? इथे आधीच जागा नाही. त्यांनी वजा केला ना एक अंश? तो परत हवाय मला. तेवढा आण.”

मग नळी पुन्हा ज्योतीत धरत ती म्हणाली, “आणि नळी मागच्या लाकडी पट्टीला चिकटवली नव्हती म्हणून तर काही झालं नाही ना, ते बघ. मी मुद्दाम करंगळीच्या नखाएवढी फट ठेवायचे. लाकूड ऊन धरून ठेवतं.”

पाराने ते टिपून घेतले. त्यात काय दडले आहे हे तिलाच काय, आत्यालाही तेव्हा सुचले नाही.

सोमवारी ती अभिरक्षकबाईंसमोर बसली. सगळ्यात आधी तिने नाते सांगून टाकले. अभिरक्षकबाई तरुण होत्या, नियमाच्या पक्क्या होत्या आणि चेहऱ्यावरून तरी घाबरलेल्या होत्या.

“मॅडम, मग तुम्ही तटस्थ कशा?”

“मी नाहीच तटस्थ. म्हणून तर बर्फ आणलाय. तो आहे.”

“संग्रहातल्या वस्तूला हात लावता येत नाही.”

“बरोबर. हात न लावता तिला सदोष मात्र म्हणता येतं.”

अभिरक्षकबाईंनी खिडकीबाहेर पाहिले, दाराकडे पाहिले, पुन्हा पाराच्या डब्यातल्या बर्फाकडे पाहिले. मग त्यांनी स्वतः हातमोजे चढवले. “मी लावीन. तुम्ही लावू नका.”

जुनी झडपांची पांढरी पेटी मूळच्याच उंच खांबांवर दालनात बसवलेली होती. दोघींनी तापमापक खाली काढून टेबलावर उभा केला आणि त्याचा गोळा चुरलेल्या ओल्या बर्फात बुडवला. नळीतला पारा उतरू लागला. आधी घाईने, मग मानाने. तो शून्याच्या रेघेवर येऊन थांबला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. तो तिथेच होता, जणू तिथेच जन्मला होता.

“शून्य,” अभिरक्षकबाई कुजबुजल्या.

एका जुन्या अकादमीचे तापमापक पावणेदोनशे वर्षे पेटीत पडून होते आणि सापडले तेव्हाही एकमेकांशी जुळत होते, ही गोष्ट पारा दर वर्षी वर्गात सांगत असे. आणि दर वर्षी मागच्या बाकावर कुणी तरी पेंगत असे. आज तिला तो बाक इथे आणून ठेवावासा वाटला. आत्याचा तापमापक तीस वर्षे अडगळीत राहून, वर ‘सदोष’ म्हणवून घेऊनही, केसभर सरकला नव्हता. उकळत्या पाण्याशीही त्याची गाठ घालून दिली. तिथेही, त्या दिवशीच्या हवेच्या दाबाचा हिशेब केल्यावर, तो आपल्या शब्दाला जागला.

“मग तो एक अंश आला कुठून?” अभिरक्षकबाईंनी विचारले. त्यांची भीती गेली होती. तिची जागा त्याहून घातक गोष्टीने, कुतूहलाने, घेतली होती.

पाराला उत्तर ठाऊक होते. निदान तसे तिला वाटत होते. संचालकाला विजेचे उपकरण विकत घ्यायचे होते. त्यासाठी काचेला बदनाम करायचे होते. म्हणून त्याने अकरा वर्षे आकडे वाढवून लिहिले. कटाला आरंभ होता, मध्य होता, खलनायक होता. फक्त पुरावा नव्हता, आणि तो वह्यांत सापडणार होता.

अकरा वर्षांच्या वह्या तिने तीन दिवस वाचल्या. रोज सकाळी आठचा एक आकडा. संचालकांचे अक्षर वळणदार, सातच्या आकड्याला शेपूट. मधूनच वेगळे अक्षर येई: सरळ, ठसठशीत, कुंपणाच्या खुंट्यांसारखे. ते दर सातव्या दिवशी येत होते. रविवारी साहेबांना सुटी असे आणि नोंद आवारातला माळी करी.

पाराने शनिवार, रविवार आणि सोमवार वेगळे काढले. बेरजा केल्या. पुन्हा केल्या. मग तिने पेन्सील खाली ठेवली, आणि ती इतक्या मोठ्याने हसली की अभिरक्षकबाई धावत आल्या.

“काय झालं?”

“हे शहर,” पारा डोळे पुसत म्हणाली, “अकरा वर्षं दर रविवारी एका अंशाने थंड होत होतं. आणि सोमवारी सकाळी साहेब कामावर आले, की पुन्हा तापत होतं.”

“म्हणजे... साहेब खोटं लिहीत होते?”

इथे पाराचा सुंदर कट कोसळला. ज्याला विजेचे उपकरण विकत घ्यायचे आहे तो ते बाजारात येण्याच्या आठ वर्षे आधीपासून खोटे कशाला लिहील? पहिल्या आठवड्यापासून तोच एक अंश, उन्हाळ्यात तोच, थंडीत तोच. लबाड माणूस इतका नियमित नसतो. आणि वजाबाकी करताना समितीने रविवारही सोडला नव्हता. माळ्याचे जे खरे होते त्यातूनही एक अंश कापून तेही खोटे करून टाकले होते. लबाड माणूस इतका निष्पक्षही नसतो.

माळी अजून हयात होता. आवाराच्या टोकाला, रोपांच्या शेडमध्ये, निवृत्त होऊनही रोज येऊन बसत असे. पारा तिथे पोचली, तेव्हा तो उठून उभा राहिला. आणि उठतच राहिला. एवढा उंच माणूस तिने जवळून कधी पाहिला नव्हता.

“काका, पेटी तुम्ही बसवली होती?”

“मीच. नवे साहेब रुजू व्हायच्या आधीच्या आठवड्यात. हुकमात लिहिलं होतं, तापमापक डोळ्यांच्या उंचीवर बसवावा. कुणाच्या डोळ्यांच्या, ते काही लिहिलं नव्हतं. मी आपले माझेच धरले.”

“आणि साहेब?”

माळ्याने हात आपल्या छातीखाली धरून साहेबांची उंची दाखवली, आणि मग आदराखातर तो दोन बोटे वर नेला.

“मग ते वाचायचे कसे?”

“टाचा वर करून. मान अशी मागे टाकून. उंच टाचांचे बूट करून घेतले होते त्यांनी. मी पेटीबरोबर स्टूल पण दिलं होतं बनवून. दुसऱ्याच दिवशी परत आलं. चिठ्ठी होती, ‘अनावश्यक’.” त्याने पायाने एक कुंडी बाजूला सारली. तिच्याखाली स्टूल होते, मातीने माखलेले, पण चारही पाय शाबूत. “तेव्हापासून कुंड्यांना झालं.”

“तीस वर्षं तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत?”

“कुणी विचारलंच नाही, बाई. समितीने मला बोलावलं होतं, खुर्च्या लावायला.”

करंगळीच्या नखाएवढी फट! पारा शेडच्या दारातच थबकली. पट्टी मागे, नळी पुढे, मध्ये हवा. समोरून पाहिले तर नळीतला पारा ज्या रेघेवर आहे तीच रेघ दिसते; खालून मान वर करून पाहिले, तर नजर नळीतून तिरपी वर जाते आणि मागच्या पट्टीवर एक रेघ वरची वाचते. दर सकाळी आठ वाजता. अकरा वर्षे. रविवार वगळून.

त्या रात्री तिने आत्याला आणि अभिरक्षकबाईंना स्टुलासकट सगळी हकीगत सांगितली, आणि मग चाळीस पानी लेखाचा आराखडा काढून पाहिला. शीर्षकात ‘कटकारस्थान’ हा शब्द होता. तिने तो खोडला, त्या जागी काय लिहावे ते सुचेना, म्हणून कागद तसाच पिशवीत टाकला.

शुक्रवारी दालन भरले. माजी संचालक आले. पंच्याऐंशी वर्षांचे, गुलाबी, उत्साही, पायात अजूनही उंच टाचांचे बूट. पाराने ज्याच्यासाठी सहा दिवस शब्द परजले होते तो राक्षस दारातच आत्याला म्हणाला, “तुम्हीच ना त्या? तुमची काच काय सुंदर असायची हो! अंश चुकला नसता तर!” आत्याने नम्रपणे मान हलवली. पाराच्या हातातली पेन्सील मोडली.

अभिरक्षकबाईंनी पाटी अजून कोरायला दिली नव्हती. त्यांनी प्रमुख पाहुण्यांना विनंती केली की तापमापक पुन्हा पेटीत आपल्या जागी लावला आहे, गोळ्याला बर्फाचा डबा लावला आहे, तर साहेबांनी शेवटचे एकदा निरीक्षण करून दाखवावे.

“अवश्य!” साहेब पुढे झाले. त्यांनी झडपा उघडल्या, टाचा उचलल्या, मान मागे टाकली, डोळे बारीक केले. अकरा वर्षांचा सराव अजून अंगात भिनलेला होता. “एक अंश. बघा! बर्फातसुद्धा एक! मी तेव्हाही हेच म्हटलं होतं.”

पारा कागद काढून उभी राहिली. आत्याने तिच्या मनगटावर हात ठेवला.

“थांब गं. तू बोललीस तर माणूस हरतो. मला त्याने वाचायला हवंय.” आणि मग मोठ्याने, “अहो काका, ते स्टूल आणा इकडे!”

माळी स्टूल घेऊन आला. धुतलेले, पुसलेले. आत्याने ते पेटीसमोर ठेवले आणि कुणाचा हात न धरता आधी स्वतः त्यावर चढली. “माझी उंची पाहिलीत ना, साहेब? तुमच्यापेक्षा वीतभर कमीच. आख्खा जन्म मी अशी स्टुलावर काढला. हा आतला जो आहे ना, त्याच्या समोर उभं राहून त्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागतो. पायथ्याशी उभं राहून बघितलं, की तो आहे त्याहून मोठा वाटतो.” ती उतरली आणि स्टुलावर हाताने थोपटले. “या. चढा. कोणी हसणार नाही. हसलंच, तर मी आहे ना खाली.”

साहेबांनी स्टुलाकडे पाहिले. ते त्यांनी ओळखले, हे सगळ्यांना दिसले. गुलाबी चेहरा आणखी गुलाबी झाला. क्षणभर वाटले की ते ‘अनावश्यक’ म्हणतील. मग त्यांनी एका हाताने माळ्याच्या खांद्याचा आधार घेतला, दुसरा आत्याच्या हातात दिला आणि ते चढले.

साहेब बराच वेळ पाहत राहिले. मग ते खाली उतरले, पुन्हा टाचा वर करून पाहिले, पुन्हा चढले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या तोंडून हसू फुटले. आधी खोकल्यासारखे, मग पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माळी हसला. अभिरक्षकबाई हसल्या. पाराला हसायचे नव्हते, तरी ती हसली, आणि हातातला चाळीस पानी लेखाचा आराखडा तिने घडी करून पिशवीत टाकला. इतक्या टिपांचे काम एका स्टुलाने केले होते.

“आत्याबाई,” साहेब स्टुलावरूनच म्हणाले, “तुम्ही कार्यशाळा बंद केलीत का हो त्यापायी?”

“बंद नाही केली. दुसरं काही तरी करत राहिले.” ती पाराकडे वळली. “ती दोन नंबरच्या कप्प्यातली नळी आहे ना, कागदात गुंडाळलेली? तिला मुरून आता तीस वर्षं झालीत. रुसवा गेला असेल. उद्या खुणा करू. ठिपके पण घालू, तीन.”

साहेबांनी अभिरक्षकबाईंकडून पाटीचा खर्डा मागून घेतला, तीनही वाक्यांवर आडवी रेघ मारली आणि स्टुलावर बसून, त्याच वळणदार अक्षरात, नवा मजकूर लिहून खाली सही केली. पितळेवर आज तोच आहे, एकही शब्द न बदलता:

“तापमापक निर्दोष होता. दोष माझ्या उंचीचाही नव्हता. स्टुलावर चढायला लाजणाऱ्या माझ्या डोक्याचा होता. सोमवार ते शनिवार मी चुकीचे वाचले, रविवारी माळ्याने बरोबर वाचले, आणि समिती म्हणजे मीच होतो. बाईंचा एक अंश त्यांना परत करावा.”